खाऱ्या विहिरींचं गाव : दहीहांडा

मुलांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एक गाव आहे. समुद्र तिथून चारशे किलोमीटरहून लांब. चहूकडे काळीभोर जमीन, तिच्यात पऱ्हाटी आणि तूर. गावात विहिरी आहेत आणि विहिरींना पाणीही आहे. तरी उन्हाळा आला की गावातली माणसं प्यायच्या पाण्यासाठी वणवण करतात. असं का?

हेच कोडं मी मे महिन्यात सुट्टीला आलेल्या माझ्या भाचरांना घातलं. भाचा आठवीतला, भाची पाचवीतली. दोघंही पुण्याची.

"विहिरी फार खोल असतील," भाचा म्हणाला.

"पाणी घाण असेल," भाची म्हणाली.

दोघांचीही उत्तरं चुकली. म्हटलं, चला, गावच दाखवतो. माझ्या कॉलेजातल्या मित्राचं घर तिथं आहे. टोप्या घाला, कांदा खिशात ठेवा आणि निघा.

कांद्याचं ऐकून दोघं हसली. पण अकोल्याचा मे महिना ज्यानं पाहिला आहे तो हसत नाही. इथं पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हणून आम्ही सकाळी सातलाच अकोटकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलो.

पूर्णेच्या काठावर

अकोला सोडल्यावर थोड्या वेळानं गांधीग्राम लागतं. तिथं पूर्णा नदी ओलांडायची. ही पूर्णा म्हणजे वऱ्हाडच्या मधोमध वाहणारी मोठी नदी. सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे जाते आणि शेवटी तापीला मिळते. मे महिन्यात मात्र ती नदीसारखी दिसत नव्हती. पात्रात इथं-तिथं डबकी आणि मध्ये कोरडी वाळू.

"हिचंच पाणी का नाही पीत?" भाचीनं विचारलं.

तिला म्हटलं, श्रावणात ये आणि मग बघ. श्रावणातल्या सोमवारी अकोल्याचे हजारो लोक या गांधीग्रामला येतात. कावडींना पितळी भरणे बांधतात, पूर्णेचं पाणी भरतात आणि ती कावड खांद्यावर घेऊन सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. रात्रभर ढोल-ताशा, जयघोष आणि पाण्याचा प्रवास चाललेला असतो. शेवटच्या सोमवारी तर अख्खं अकोला रस्त्यावर उतरतं. देवासाठी खांद्यावरून पाणी वाहण्याचा हा सोहळा. घरासाठी डोक्यावरून पाणी वाहण्याचं काम मात्र या भागातल्या बायाबापड्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या, आणि त्याला कधी ढोल वाजला नाही.

चोहोट्टा बाजारला आम्ही उतरलो आणि तिथून काळी-पिवळीत बसून दहीहांड्याला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन कशी, तर परातीसारखी सपाट. उत्तरेला लांबवर सातपुड्याची निळी रेघ. शेतं मोकळी, वखरून ठेवलेली. जिथं वखर फिरला नव्हता तिथं जमिनीला पाय अडकेल एवढाल्या भेगा. बाभळी आणि कडुनिंब सोडले तर झाड नाही. मळा नाही, बागाईत नाही, विहिरीवर मोटारीची धडधड नाही.

"मामा, विहिरी आहेत म्हणालात ना? मग शेतात हिरवं काहीच कसं नाही?" भाच्यानं विचारलं.

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर त्याला तासाभरानं मिळायचं होतं, आणि तेही जिभेवर.

अर्धा ग्लास पाणी

दहीहांडा हे अकोला जिल्ह्यातलं जुनं गाव. नावात दही आहे आणि हांडाही आहे. धाब्याची जुनी घरं, मधूनमधून नवी टिनाची आणि सिमेंटची, मारुतीचं देऊळ, पारावर बसलेली म्हातारी माणसं. मित्राच्या घरी त्याची आई दारातच उभी होती.

"या जी या! लय ऊन हाय बाहीर. पोट्टे पाहा कसे लाल झाले!"

वऱ्हाडात पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात. आजींनी कोपऱ्यातल्या रांजणावरचं झाकण काढलं, आत ओगराळं घातलं आणि तीन ग्लास भरून आणले. झाकण लगेच परत लावलं, वर एक पाटाही ठेवला. पाणी थंडगार होतं. भाच्यानं दोन-तीन घोट घेतले आणि उरलेलं पाणी सवयीनं अंगणात भिरकावलं.

घरात एकदम शांतता झाली. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांची नात, सहावीतली असेल, ती अंगणातल्या त्या ओल्या डागाकडे बघत राहिली. डाग बघता बघता वाळला. मग ती हळूच म्हणाली, "दादा, ते गोड पानी होतं."

भाच्याला काही कळेना. "गोड? साखर कुठं होती त्यात?"

आजी हसल्या. "राहू दे व माय, त्याले काय माहीत! चाल रे बापू, तुले दाखवतो," असं म्हणून त्याला परसातल्या विहिरीवर घेऊन गेल्या. (वऱ्हाडातल्या कितीतरी बाया बोलताना 'मी येतो, मी दाखवतो' असंच म्हणतात. भाचीला याची फार गंमत वाटली.) आजींनी पोहरा सोडला आणि पाणी शेंदून काढलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं.

"घे, पेऊन पाह्य."

भाच्यानं ओंजळ तोंडाला लावली आणि तोंड वाकडं करून सगळं थुंकून टाकलं. "मामा! हे तर खारट आहे!"

कोड्याचं उत्तर असं त्याच्या जिभेवर आलं. या भागात 'गोड पाणी' म्हणजे साखरेचं पाणी नव्हे, पिता येईल असं पाणी. जे पिता येत नाही ते 'खारं'. मुलाबाळांच्या तोंडी हे दोन शब्द चालायला लागल्यापासून असतात.

आजी मग एकेक गोष्ट सांगत गेल्या. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ टाका, तासभर उकळा, दाणा कच्चाच. चहात दूध घाला, दूध फाटतं. साबण घासा, फेस येत नाही, नुसता चोथा होतो. केस चिकट होतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पांढरा थर बसतो. "म्हून अंघोळीले, भांड्याले, ढोराले खारं. स्वयंपाकाले आन् प्याले गोड. गोड पानी कोनी सांडत नाई, बापू."

हे नुसतं चवीपुरतं नाही. असं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर शरीराला ते बाधतं. मुतखड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार या पट्ट्यातल्या गावांत फार ऐकू येते. आजींचे दीर त्याच दुखण्यानं गेले. त्या एवढंच म्हणाल्या आणि पोहरा जागेवर ठेवला.

जमिनीखालचं मीठ आलं कुठून?

पूर्णेच्या दोन्ही काठांना लागून असलेल्या या भागाला 'खारपाण पट्टा' म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो साडेचार हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसरलेला आहे. आठशेहून अधिक गावं त्यात येतात. दर्यापूर आणि भातकुलीकडची गावं यातलीच. गाडगेबाबांनी घाट आणि धर्मशाळा बांधली ते पूर्णाकाठचं ऋणमोचनही याच मुलखात आहे.

समुद्र इतका लांब, मग मीठ कुठून आलं? भूशास्त्रज्ञ सांगतात, या खोऱ्याचा तळ एखाद्या खोलगट बशीसारखा आहे. लाखो वर्षं नद्यांनी गाळ आणून ही बशी भरली. गाळाचा थर काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. प्राचीन काळी इथं पाणी बाहेर न जाणारे उथळ जलाशय असावेत. पाण्याची वाफ झाली, क्षार मागे राहिले आणि गाळात गाडले गेले. वरची माती चिकण, उतार अगदी कमी. त्यामुळे पावसाचं पाणी खाली जाऊन हे क्षार धुऊन काढत नाही. ते जिथले तिथेच बसून आहेत. विहीर खणली की त्यांचं पाणी लागतं. बोअर खोल नेली तर पाणी गोड होईल असं वाटतं, पण पुष्कळदा ते आणखीच खारं निघतं.

गंमत अशी की इथून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गेलं की चित्र पालटतं. तिथं विहिरींना गोड पाणी आहे आणि संत्र्याच्या, केळीच्या बागा आहेत. सकाळी संत्र्याच्या बागेतून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी खाऱ्या विहिरींच्या गावात पोचतो.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवरही खारं आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण त्याची गोष्ट वेगळी. ते उल्का आदळून झालेल्या खड्ड्यातलं पाणी आहे. पूर्णेचा खारेपणा उल्केचा नाही, गाळाचा आहे.

जेव्हा खारं पाणी मोलाचं होतं

आता या गोष्टीची दुसरी बाजू ऐका. जे पाणी आज थुंकून टाकावं लागतं, त्याच पाण्यावर एके काळी या गावांचा रोजगार चालत होता.

जुन्या इंग्रजी सरकारी नोंदींत दहीहांड्याच्या आजूबाजूच्या मिठाच्या विहिरींचं वर्णन आहे. लोक खोल विहिरी खणत. खालच्या वाळू-गोट्यांच्या थरापर्यंत पोचलं की खारं पाणी जोरानं वर येई. ते उपसून उथळ वाफ्यांत सोडायचं. ऊन तर इथं मोप. पाणी आटलं की मीठ गोळा करायचं. कच्छच्या छोट्या रणात अगरिया लोक आजही जमिनीखालचं खारं पाणी उपसून असंच मीठ पिकवतात. वऱ्हाडातसुद्धा मिठाची शेती होत होती, हे ऐकून भाचरांचे डोळे मोठे झाले.

पण मीठ तर प्रत्येक घराला लागतं, मग त्याच्यावर कर बसवला तर सरकारची तिजोरी भरलीच म्हणून समजा. इंग्रजांनी तेच केलं. मीठ तयार करणं आणि विकणं त्यांनी आपल्या मुठीत ठेवलं आणि इथले मिठाचे वाफे बंद पडले. पायाखाली मीठ, आणि खायला मात्र कर भरून विकत आणायचं!

१९३० साली मिठावरचा हा कर मणामागे सव्वा रुपया होता. मजुराला दिवसाकाठी काही आणेच मिळत, त्या काळातली ही गोष्ट. त्या वर्षी १२ मार्चला महात्मा गांधी साबरमतीहून निघाले. चोवीस दिवस पायी चालून दांडीला पोचले आणि ६ एप्रिलला समुद्रकाठचं मीठ उचलून त्यांनी कायदा मोडला. मग देशभर लोक मीठ करायला लागले.

वऱ्हाडातल्या लोकांपुढे मात्र पेच पडला. कायदा मोडायची तयारी होती, तुरुंगात जायची तयारी होती, पण समुद्र आणायचा कुठून?

समुद्र नव्हता, पण दहीहांडा होतं! १३ एप्रिल १९३० रोजी वऱ्हाडातला मिठाचा सत्याग्रह दहीहांड्याला सुरू झाला. तारीखही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अकरा वर्षांपूर्वी, १९१९ मध्ये, याच दिवशी जालियनवाला बागेत गोळीबार झाला होता. सत्याग्रही इथं जमले, विहिरीचं खारं पाणी आटवलं आणि बेकायदा मीठ तयार केलं. अमरावतीचे वीर वामनराव जोशी, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी ही त्या काळच्या वऱ्हाडातल्या चळवळीतली मोठी नावं. त्याच वर्षी जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. जिथं समुद्र नाही तिथं खारी विहीर, आणि तीही नाही तिथं जंगलातलं गवत. लढायला साधन लागतं ते आपल्याच गावात सापडतं, असं त्या पिढीनं दाखवून दिलं.

आबाजी, म्हणजे मित्राचे वडील, खाटेवर बसून हे सारं ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या पान्यानं इंग्रजाले हालवलं, पोट्टेहो. पन आमाले मात्र तहानलेलंच ठेवलं!" आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

शेतकऱ्याचं गणित

ऊन उतरल्यावर आबाजी आम्हांला शेतात घेऊन गेले. वाटेत भाच्यानं सकाळचा प्रश्न पुन्हा विचारला. विहीर आहे, तर हे पाणी पिकाला का नाही देत?

आबाजींनी वाकून एक ढेकूळ उचललं आणि त्याच्या हातात दिलं. ते फुटता फुटेना.

खाऱ्या पाण्यात सोडियमचे क्षार असतात. ते काळ्या मातीत मिसळले की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. पाणी आत मुरत नाही, हवा खेळत नाही, मुळं गुदमरतात. अशा जमिनीला 'चोपण' म्हणतात. दोन-चार वर्षं विहिरीचं पाणी दिलं की चांगलं शेत दगडासारखं होतं. म्हणून इथला शहाणा शेतकरी पाणी असूनही हात आखडता घेतो. कापूस, तूर, ज्वारी, मूग, सोयाबीन, जे काही पिकवायचं ते पावसाच्या भरवशावर. पावसाळा सरल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हरभरा. पावसानं मध्येच तीन आठवडे दडी मारली, की डोळ्यांदेखत पीक सुकतं आणि विहीर शेजारी भरलेली असते.

यावर उपाय? अकोल्याला १९६९ पासून पंजाबराव कृषी विद्यापीठ आहे. तिथले शास्त्रज्ञ आणि इथले शेतकरी बरीच वर्षं त्याच्या मागे आहेत. चोपण जमिनीत जिप्सम टाकतात, ताग-धैंचा पेरून तो हिरवाच गाडतात. पण सगळ्यांत कामाला आलं ते शेततळं. आबाजींच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात एक शेततळं होतं. मे महिना असल्यामुळे कोरडं, तळाशी भेगाळलेली माती. वर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, खोली तीन मीटर, बाजू उतरत्या.

"यात किती पाणी मावेल?" मी विचारलं. भाचा आठवीत आहे, त्यानं काडीनं मातीत गणित मांडलं. उत्तर आलं साधारण २२ लाख लिटर! ही चिकण माती पाणी सहसा झटकन पिऊन टाकत नाही, त्यामुळे शेतावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी तळ्यात टिकतं. पाऊस दडी मारतो तेव्हा हेच गोड पाणी इंजिनानं पिकाला देतात. एक-दोन पाणी वेळेवर मिळालं तरी पीक वाचतं. जी चिकण माती क्षार धुऊ देत नाही म्हणून आपण मघाशी तिला नावं ठेवली, तीच माती इथं उपयोगी पडते.

छपरावरची नदी

घरी परतलो तेव्हा नात आम्हांला परसात घेऊन गेली. तिला तिची वस्तू दाखवायची होती. घराच्या टिनाच्या छपराला पन्हाळ लावलेला, त्यातून नळी खाली आलेली आणि खाली सिमेंटचं बंद टाकं. त्यावर तिनं खडूनं लिहून ठेवलं होतं, '५००० लिटर'.

या भागातल्या गावांसाठी सरकारनं मोठमोठ्या योजना केल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून अकोट-तेल्हारा भागातल्या ८४ खेड्यांसाठी नळयोजना आहे. अमरावतीकडे शहानूर धरणाचं पाणी दर्यापूर-अंजनगावच्या गावांना जातं. त्यानं बायांच्या डोक्यावरचे हंडे पुष्कळ कमी झाले, हे खरं. पण दूरचं पाणी ते दूरचंच. "नळ येते, पन रोज नाई येत," आजी म्हणाल्या. तेव्हा रोजचा आधार छपराचा.

मी भाचरांना म्हटलं, चला, आता हे गणित दोघांनी मिळून करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे छप्पर सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. इकडे वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो.

भाचीनं तीस गुणिले साडेसातशे केलं. "२२,५०० लिटर!"

पहिल्या पावसाचं पाणी छप्पर धुण्यात जातं, काही सांडतं, म्हणून पाचवा हिस्सा सोडून देऊ. तरी १८,००० लिटर उरले. घरात माणसं पाच. पिण्या-रांधण्याला माणशी पाच लिटर धरले, तर दिवसाला २५ लिटर. वर्षाला ९,१२५. म्हणजे एका लहानशा छपरावर घराला लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट गोड पाणी पडतं!

भाचा मात्र गप्प होता. तो दुसरंच काहीतरी मोजत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, टाकं ५००० लिटरचं आहे. रोज २५ लिटर म्हणजे २०० दिवस. एक ऑक्टोबरला टाकं काठोकाठ भरलेलं असलं, तरी एप्रिलच्या मध्यावर ते संपायला हवं. आज तर मे महिना आहे."

"मग?" मी विचारलं.

त्यानं आजींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "नळ आला त्या दिवशी टाक्याले हातच लावत नाई. आन् आमी हिसेबानं पेतो, बापू. पाव्हन्याले मात्र पुरा गिलास देतो."

मुलांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी नळ सोडला की गोड पाणी येतं. तुम्ही एवढं करून पाहा. एका ताटलीत मिठाचं पाणी घेऊन गच्चीवर उन्हात ठेवा. संध्याकाळी ताटलीत काय उरतं ते बघा. दहीहांड्याच्या मिठाच्या वाफ्यांत हेच होत होतं. दुसरं म्हणजे, आपल्या घराचं छप्पर किंवा गच्ची मोजा, आपल्या गावचा पाऊस विचारून घ्या आणि भाचीसारखा गुणाकार करा. तुमच्या डोक्यावरून दर पावसाळ्यात किती लिटर पाणी गटारात जातं ते कळेल. उत्तर वहीत लिहून आई-बाबांना दाखवा. टाकं बांधायचं की नाही ते मग घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा.

रात्रीचं जेवण ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा असं झालं. ठेच्यानं भाच्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. नात ग्लास भरायला उठली तेव्हा त्यानं हात आडवा केला.

"अर्धाच दे," तो म्हणाला. "लागलं तर आणखी मागेन."

आणि तो अर्धा ग्लास त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.